लेन्स तीन वेळा शोधते

२० फेब्रुवारी

आज दुकानाचं कुलूप काढलं. किल्ली दोनदा उलटी घातली. अकरा वर्षं मुलगा इथे बसला आणि मी पाच-सहा वेळा आलो असेन. घरापासून चालत दहा मिनिटं!

जागा पंधरा मार्चपर्यंत रिकामी करून द्यायची आहे. फळीवर तेवीस प्लेअर. सगळे डिस्कवाले, वर धूळ. प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली — कुणाचा, काय होतं. "मध्येच अडकतो." "चकती फिरते, आवाज नाही." "जिन्यावरून पडला." त्याचं अक्षर इतकं बारीक आहे हे विसरलो होतो.

टेबलावर चोविसावा. झाकण काढलेलं. त्याला हात लावला नाही.

वही जुनीच आहे. वजनमापे खात्यात होतो तेव्हा दौऱ्याची टिपणं लिहायचो. कुठल्या बाजारात किती काटे तपासले, किती नापास. मागची पानं कोरी राहिली होती. बोलायचं तरी कुणाशी?

२१ फेब्रुवारी

काही नाही. झाडलं फक्त.

२२ फेब्रुवारी

अहवालासारखं लिहून काढतो. डोक्यात फिरण्यापेक्षा कागदावर बरं.

शुक्रवार, २ तारीख. दुपारी सव्वा वाजता जेवायला तिघं बसलो — मी, ही आणि मुलगा. तो म्हणाला, आठवड्यात एकही गिऱ्हाईक फिरकलं नाही. हसत म्हणाला. मी म्हणालो, "फिरकणार कुठून? लोकांनी ती डबडी कधीच टाकून दिली. तू तिथे बसून मेलेल्या यंत्रांना पाणी पाजतोस. चौतीस वर्षांचा झालास. उद्या नसलं ते दुकान तर कुणाच्या लक्षातसुद्धा यायचं नाही."

दुकान म्हणालो. तू नाही म्हणालो. पण त्याने काय ऐकलं?

तो आईला म्हणाला, "पाणी दे जरा." प्यायला. ताट उचलून ठेवलं. गेला. रात्री साडेआठला परत आला. जेवला, झोपला. शनिवारी सकाळी सहाला सायकल घेऊन निघाला. नऊला कालव्याच्या झडपेपाशी सापडला.

सायकल वर पायऱ्यांपाशी, स्टँडला लावलेली. कुलूप घातलेलं. किल्ली त्याच्या खिशात. हवालदाराने लिहिलं — पाय घसरून. वाचून दाखवलं, म्हणाला, "बरोबर ना काका?" मी सही केली.

हिचा भाऊ आला होता. बाहेर कुणाला तरी हळूच म्हणाला, "स्टँड लावून, कुलूप घालून कोणी घसरतं का?" मी खिडकीशीच होतो.

जन्मभर काटे तपासले. हा एक काटा मधोमध उभा आहे, हलत नाही. कुलूप घातलं म्हणजे परत यायचं होतं. पण कुलूप हात आपोआप घालतो. रात्री पोटभर जेवला म्हणजे मनात काही नव्हतं. पण न जेवता उठला असता तर आईने खोदून विचारलं असतं, म्हणूनही जेवला असेल. एका पारड्यात काही टाकावं, तर तेवढंच दुसऱ्यात टाकायला सापडतं.

घसरला, की

तो दुसरा शब्द लिहीत नाही.

२३ फेब्रुवारी

ही माझ्याशी बोलते. दूध आलं. दार ओढून घ्या. चष्मा टेबलावर आहे. त्या दुपारबद्दल एक अक्षर नाही. ती समोरच बसली होती. तिने सगळं ऐकलं आहे.

२४ फेब्रुवारी

शेजारचा वाइंडिंगवाला आला. मोटारींना तांब्याची तार गुंडाळून देतो. दारात उभं राहून म्हणाला, "साहेब, आत येऊ का? की आधी शिक्का दाखवू?"

ओळखलं नाही मी. तो म्हणाला, "कसं ओळखाल! माझा तार तोलायचा काटा दोन वेळा नापास केलात. वर म्हणालात, ‘ह्यापेक्षा हाताने अंदाज घे, तो बरा.’ मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, आज एका दगडाने माझं वजन केलं."

माझी मान खाली गेली. तो घाईने म्हणाला, "अहो, गंमत केली. काटा खोटाच होता!"

जाताना म्हणाला, "दुपारचा चहा आम्ही दोघं एकत्र घ्यायचो. अजून दोन सांगतो मी. सवय लागलीय. एक तुम्ही घेत जा, वाया जातो."

माझ्या मुलाला रोजचा चहाचा सोबती होता. मला माहीत नव्हतं.

२६ फेब्रुवारी

टेबलावरच्या प्लेअरची मालकीण आली. सगळे सिस्टर म्हणतात. इस्पितळात नर्स होती, आता निवृत्त. आत डोकावून म्हणाली, "उघडलंत का एकदाचं! तीन खेपा झाल्या माझ्या. मुलगा कुठंय?"

मी सांगितलं. म्हणजे "तो वारला" इतकंच. ती स्टुलावर बसली. नर्स असल्यामुळे असेल, कसा, कशाने, विचारत बसली नाही. फक्त तारीख विचारली. मग म्हणाली, "म्हणजे मी त्याला आदल्या दिवशी भेटले."

शुक्रवारी दिवेलागणीला तिने प्लेअर आणून दिला होता. म्हणजे माझ्या बोलण्यानंतर पाच-सहा तासांनी! मी विचारलं, कसा होता?

"गप्प होता. पण बोलका कधी होता तो? म्हणाला, ‘ठेवा, आता लगेच उघडून बघतो. उद्या या.’"

उद्या या. म्हणजे शनिवारी तो येणार होता? पण नोकरीत मी रोज वीस माणसांना उद्या या म्हणायचो. त्यात काही नसतं.

तिच्या नवऱ्याची दृष्टी गेली आहे. छापखान्यात मुद्रितं तपासायचा, डोळ्यांचंच काम. आता वाचनालयातून वाचून ध्वनिमुद्रित केलेली पुस्तकं येतात, चकत्यांवर. दिवसभर तेच ऐकतो. प्लेअर बंद पडल्यापासून सिस्टर स्वतः वाचून दाखवते. "तर म्हणतो, तू गोष्ट सांगतेयस की इंजेक्शन देतेयस? काना-मात्रा चुकला की थांबवतो हो! एका पानाला अर्धा तास. तुम्ही तसाच परत दिलात तरी चालेल, मी दुसरीकडे बघते. पण दुसरीकडे आहे कोण?"

मी म्हणालो, आठवड्याने या.

का म्हणालो? मला त्यातलं काय कळतं?

२७ फेब्रुवारी

कारण हे त्याचं शेवटचं काम. आणि शुक्रवारी दिवेलागणीपासून साडेआठपर्यंत तो ह्या टेबलाशी होता. ते दोन तास ह्या डब्यात आहेत. आणखी कुठेही नाहीत.

२८ फेब्रुवारी

आज वाइंडिंगवाल्याला घेऊन बसलो. म्हणाला, "साहेब, हे बारीक काम माझं नाही. मी हत्तीचा डॉक्टर, तुम्ही मुंगी आणलीत." तरी बसला.

प्लेअरच्या पोटातून लेन्सचा भाग काढून पत्र्याच्या डबीत ठेवलेला होता. काड्यापेटीहून लहान. त्याच्या मधोमध खरी लेन्स, शर्टाच्या बटणापेक्षा छोटी, निळसर. तो सगळा भाग दोन दांड्यांवरून आत-बाहेर सरकतो. दांड्या स्वच्छ पुसलेल्या होत्या. जुनं वाळलेलं ग्रीस चिंधीवर निघालेलं. नवं अजून लावलेलं नव्हतं.

वाइंडिंगवाल्याने लेन्स भिंगाखाली धरली आणि ओरडलाच, "अहो, ह्यात तर आमचं काम आहे!" दाखवलं मला. लेन्स कशावर टेकलेलीच नाही. केसासारख्या चार तारांवर हवेत लटकते. तिच्या अंगाला तांब्याची वेटोळी, दोन्ही बाजूंना चुंबक. एका वेटोळ्यात वीज गेली की लेन्स वर-खाली होते, दुसऱ्यात गेली की डावी-उजवी. चकती कधी सपाट फिरत नाही, थोडी हेलकावते. ती जेवढी वर जाईल तेवढी लेन्सही वर, ती खाली तर ही खाली. सेकंदाला कितीतरी वेळा. अंतर तेवढंच राखायचं, आणि शिवायचं नाही. शिवली की दोघींनाही ओरखडा.

"असली गुंडाळी माझ्या बापाला जमली नसती," तो म्हणाला.

मी काट्याच्या दांडीला एवढीशी सूट द्यायचो आणि स्वतःला फार काटेकोर समजायचो. माझा मुलगा हे घेऊन बसत होता. मेलेल्या यंत्रांना पाणी पाजतोस, म्हणालो मी.

२९ फेब्रुवारी

दांड्यांना ग्रीस लावलं. लेन्स जागेवर बसवली. तिच्या तारांची चपटी पट्टी खोबणीत सरकवायला चाळीस मिनिटं लागली. चकती घातली, बटण दाबलं.

लेन्स हलली! हळूच वर गेली, खाली आली. पुन्हा वर, पुन्हा खाली. तिसऱ्यांदा. मग थांबली. पुढच्या काचेवर अक्षरं आली — डिस्क नाही.

चकती आत आहे. डोळ्यांसमोर आहे. तरी म्हणतो, नाही.

पुन्हा केलं. तेच. तीनदा शोधते, मग सोडून देते. आठ वेळा केलं. वाइंडिंगवाल्याने माझा हात धरून बटणावरून काढला. म्हणाला, "तुमचा मुलगा मला सांगायचा — वरून डोकवायचं नाही, बाजूने तिरकं बघायचं. लेन्समध्ये बारीक लाल ठिणगी दिसली तर जिवंत." खोली अंधारी करून बघितलं. ठिणगी नाही.

"डोळा गेला हिचा, साहेब. शोधते बिचारी, पण आंधळी आहे."

१ मार्च

आता कळलं ते दोन तास कसे गेले.

दुपारी बाप म्हणाला की मेलेल्या यंत्रांना पाणी पाजतोस. संध्याकाळी आठवड्यातलं एकुलतं गिऱ्हाईक आलं. त्याने उघडलं, पुसलं, काढून तपासलं. मेलेलं निघालं. बापाचं खरं ठरलं. दिवा मालवून घरी आला. जेवला. सकाळी गेला.

काटा हलला. ह्या बाजूला हलला.

२ मार्च

काही नाही.

३ मार्च

ताटं पुसता पुसता ही म्हणाली. माझ्याकडे न बघता. "त्याला तसं बोलायला नको होतं तुम्ही."

एक महिना लागला तिला. हातातलं ताट तिने दोनदा पुसलं, जागेवर ठेवलं आणि दुसरं घेतलं. भांडली असती, हातातलं फेकलं असतं, तर बरं झालं असतं. मी काय म्हणणार? हो, म्हणायचं? ते तिलाही माहीत आहे. मी बाहेर जाऊन उगाच नळ बंद आहे का बघून आलो.

चाळीस वर्षांच्या संसारात मी हिच्याशी नीट बोललो नाही. मुलाशी त्याहून कमी. बोललो ते त्या दुपारचं!

५ मार्च

कालव्यावर गेलो. इतके दिवस टाळलं होतं. अकरा पायऱ्या. खालच्या चारांवर शेवाळाचा पट्टा, पण आज वाळलेला. पाय टेकून बघितला. घसरत नाही. त्या दिवशी पाणी किती होतं ते झडपेवरच्या माणसाला विचारलं. म्हणाला, "कमी-जास्त होतं रोज. आता कसं सांगू?"

बरोबर आहे. कसं सांगणार?

तो तिथे उतरलाच कशाला? सायकल चालवून हात-तोंड धुवायला? उन्हं अजून यायची होती. तिथे एक बाई कपडे धूत होती. माझ्याकडे बघून तिने हातातलं काम थांबवलं. म्हणाली, "आजोबा, खाली नका उतरू, घसरतं." मी म्हणालो, वाळलंय. ती म्हणाली, "वरून वाळलेलं दिसतं."

हेही पारड्यात टाकलं. किती भरतं ते बघायची इच्छा राहिली नाही.

६ मार्च

सिस्टर आली होती. आठवडा उलटून गेला होता. मी म्हणालो, डोळा गेला आहे, होत नाही. तिने मान डोलवली. प्लेअर उचलायला हात पुढे केला आणि तशीच उभी राहिली. म्हणाली, "काल त्यांनी विचारलं, माझं पुस्तक अर्ध्यावर होतं, त्यात पुढे काय झालं असेल? मी म्हटलं, मला काय माहीत! तर म्हणाले, तू सांग काहीही, मी ऐकतो. चुका काढणार नाही."

मी प्लेअर तिच्या हाताखालून ओढून घेतला. म्हणालो, नवी लेन्स मिळते का बघतो.

कशाची आशा आहे असं नाही. तिला रिकाम्या हाताने कितीदा पाठवायचं?

८ मार्च

वाइंडिंगवाल्याने पत्ता दिला. गावाच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून. सुटे भाग विकणारी बाई. मुलगा तिला काकू म्हणायचा. बोळकंडीएवढं दुकान, जमिनीपासून छतापर्यंत खोकी, मधे ती.

लेन्स बरोबर नेली नव्हती, मोडेल म्हणून. तिच्यावरचा नंबर चिठ्ठीवर उतरवून नेला. तिने चिठ्ठी बघितली आणि मग माझ्याकडे बघितलं. "तुम्ही त्याचे वडील. नाक तेच आहे."

तिला बातमी कळली होती. म्हणाली, "सतरा वर्षांचा असल्यापासून यायचा. कधी घासाघीस नाही. खोकी उतरवायला लागायचा. जुना भाग का नाही आणलात? मी बघितला असता."

एक खोकं खालून तिसरं, बरोबर काढलं. तेवढी एकच शिल्लक होती. चंदेरी पिशवीतून काढून पाठ दाखवली. "हे बघा. इथे पाठीवर, दोन टोकांमध्ये सोल्डरचा, वितळवलेल्या कथलाचा डाग आहे. मोहरीएवढा. कारखान्यातून येतानाच असतो. आपल्या अंगातल्या विजेने आतला दिवा जळू नये म्हणून टोकं जोडून ठेवतात. डाग आहे तोवर दिवा लागणार नाही. पट्टी जोडली की डाग काढायचा. लक्षात ठेवा! सगळे विसरतात. मग येतात तणतणत, काकू, मेलेली लेन्स दिलीत. मी डाग काढते आणि त्यांच्या हातात देते, घ्या, जिवंत केली."

मी चिठ्ठीच्या मागे लिहून घेतलं. ती हसली. "त्याला उलटं सांगावं लागायचं. लेन्स बाहेर काढली की डाग दे बाबा, दे बाबा. ऐकायचा नाही. म्हणायचा, ‘काकू, दहा मिनिटांत परत बसवायची, तर सोल्डरची गन कशाला तापवू? रात्रभर बाहेर राहणार असेल आणि सकाळी बसवायची असेल तरच देतो.’ आळशी मेला." मग पदर तोंडाला लावला. "जीभ बघा माझी."

मी म्हणालो, असू द्या. खरंच असू द्या म्हणालो. कुणीतरी त्याला रागावून, जवळचा समजून बोलत होतं. माझ्यासारखं नाही.

परतीच्या बसमध्ये पिशवी दोन्ही हातांत धरून बसलो. समोरच्या माणसाला वाटलं असेल, औषध आहे.

९ मार्च

हिला नवी लेन्स दाखवली. म्हणाली, "एवढीशी?" परत दिली. पिठाच्या हाताचा ठसा पिशवीवर राहिला आहे. पुसला नाही.

११ मार्च

फळीवरचे तेवीस प्लेअर ज्याचे त्याला पोचवतो आहे. सहाजण पत्त्यावर नाहीत. एक जण म्हणाला, "अरे, हा माझा? मी विसरूनच गेलो होतो. तुम्हीच ठेवा." कुणाच्या लक्षातसुद्धा यायचं नाही, असं मी म्हणालो होतो. हेच ते.

पण एका घरात म्हातारी म्हणाली, "तो मुलगा गेला? अहो, कपाट हलवायचं होतं तर पाय पुसून आत आला आणि हलवून गेला."

१३ मार्च

आज सगळं एका दिवसात झालं. नीट लिहितो.

वाइंडिंगवाल्याने जुनी लेन्स काढली. "साहेब, ही मला द्या. आतलं वाइंडिंग बघत बसेन, तेवढाच अभ्यास." मी म्हणालो, घे. त्याने रुमालात बांधून खिशात टाकली. नवी बसवली. पट्टी ह्या वेळी दहा मिनिटांत गेली. चकती घातली. बटण दाबलं.

वर, खाली. वर, खाली. वर, खाली. थांबली. डिस्क नाही.

वाइंडिंगवाला कपाळावर हात मारून म्हणाला, "गेलं! हिचाही डोळा गेलेला. जुनीसारखीच. डिट्टो तेच! त्या बाईने तुम्हाला चुना लावला साहेब."

मी खुर्चीत बसलो. सिस्टरला काय सांगायचं एवढंच डोक्यात. मग चिठ्ठी आठवली. खिशातून काढली. माझ्याच अक्षरात — डाग काढणे.

वजनमापे निरीक्षक! लिहून घेऊनसुद्धा विसरलो. सगळे विसरतात, म्हणाली होती.

त्याची सोल्डर गन तापवली. वाइंडिंगवाल्याने लेन्स उलटी धरली, मी टेकवली. एवढासा डाग, वितळून गनच्या टोकाला चिकटून आला. पुन्हा बसवली. लेन्स वर गेली — एकदाच — आणि तिथेच धरून राहिली. चकती फिरायला लागली. एक बाई स्वच्छ आवाजात वाचायला लागली, वाक्याच्या मधूनच. वाइंडिंगवाल्याने माझ्या पाठीत गुद्दा घातला आणि मग घाबरून म्हणाला, "लागलं का साहेब?"

संध्याकाळी प्लेअर घेऊन सिस्टरच्या घरी गेलो. नवरा पलंगावर ताठ बसलेला. बोटांनी बटणं चाचपली, चकती स्वतः घातली. वाचन सुरू झालं तसा त्याने हात वर केला, सगळ्यांनी गप्प बसावं म्हणून. सिस्टर माझ्या कानाशी म्हणाली, "सुटले एकदाची!" आणि दाराआड जाऊन डोळे पुसून आली.

मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. त्याचं काम पुरं झालं, आता दुकानात माझं काही नाही. उद्या टेबल काढायचं. परवा किल्ली द्यायची. बाहेर पडलो तर पुस्तकातली बाई खिडकीतून ऐकू येत होती. कोपऱ्यापर्यंत.

झोपण्याआधी एवढं लिहिलं. एक गोष्ट मघापासून टोचते आहे. वाइंडिंगवाला म्हणाला, जुनीसारखीच. डिट्टो तेच.

१४ मार्च

आठ वाजल्यापासून वाइंडिंगवाल्याच्या बंद दुकानासमोर उभा होतो. तो नऊला आला. "साहेब! धाड घातलीत का?" म्हटलं, ती जुनी लेन्स दाखव. त्याने रुमाल सोडून जुनी लेन्स हातावर ठेवली.

भिंगाखाली उलटी केली. पाठीवर डाग आहे. मोहरीएवढा. कारखान्याच्या डागासारखा सपाट नाही. हाताने दिलेला, गोल, नीट.

शनिवारी सकाळी कालव्यावर काय झालं ते मला कधीच कळणार नाही. पण शुक्रवारी रात्री, माझं सगळं ऐकून झाल्यावर, त्याने गन तापवली आणि हा डाग दिला.

तो काढला नाही. लेन्स तशीच घरी आणली, हिच्या तळहातावर ठेवली.

"हे काय?"

म्हटलं, बस इथे. सांगतो. शनिवारी तो ही लेन्स परत बसवणार होता.